आधी मत, मग मुखडा

हल्ली माणूस भेटला की तब्येत विचारत नाही, 'सध्या काय ऐकतोयस?' असं विचारतो. प्रश्न साधा दिसतो, पण त्याचं खरं उत्तर द्यायचं नसतं. खरं सांगायचं तर आम्ही वरवे बुद्रुकची माणसं बाराही महिने एकच अल्बम ऐकतो, त्याचं नाव पुणे-सातारा हायवे. त्यात कंटेनरचा हॉर्न आहे, एसटीचा गिअर आहे आणि रात्री दोन वाजता टायर खोलणाऱ्या पंक्चरवाल्याचा हातोडा आहे. पण हे उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला नाव हवं असतं, आणि तेही असं, की जे त्याने ऐकलेलं नसेल पण 'हां हां, भारी आहे तो' म्हणायला हरकत नसेल. मग दोघं मिळून, दोघांनीही न ऐकलेल्या अल्बमवर चहाचे दोन कप संपेपर्यंत बोलतात. वाद झालाच तर तो कुठल्या हेडफोनवर ऐकायला हवा, यावर होतो.

शनिवारी पहाटे राजगडाकडे निघालेली पोरं आमच्याकडे चहाला थांबतात. पाठीवरच्या सॅकला ब्लूटूथचा स्पीकर लटकवलेला असतो, म्हणजे गडाच्या बुरुजांनाही नवीन काय आलंय ते कळावं. त्यातल्या एकाने मागे जाहीर केलं की मराठीत 'जैत रे जैत'नंतर अल्बम म्हणावा असा अल्बमच झाला नाही. वय असेल तेवीस. मला बरं वाटलं. गोनीदांची कादंबरी, जब्बार पटेलांचा चित्रपट, महानोरांचे शब्द, हृदयनाथांच्या चाली आणि ठाकरांचा ढोल. सत्तरच्या दशकातलं हे काम पोराला ठाऊक आहे, म्हणजे देश अगदीच बुडालेला नाही. म्हटलं, दादा, त्यातली किती गाणी ऐकलीस?

'दोन. पण अल्बम म्हणून तो कम्प्लीट आहे.'

दोन गाण्यांत कम्प्लीट. चहाही त्याने अर्धाच घेतला आणि मस्त आहे म्हणाला. त्याचंही बरोबर असेल म्हणा. गाणी पुरवणाऱ्या कंपन्यांच्या हिशेबात गाणं ३० सेकंद वाजलं की ते 'ऐकलं' म्हणून मोजतात. त्या हिशेबाने पोराने रीतसर एक मिनिट ऐकलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, ही हल्लीची पिढी. थांबा. हायवेच्या वरच्या अंगाला प्लॉट पडलेत, त्यावर कोथरूडकरांचे बंगले झालेत. त्यातल्या एका काकांकडे तबकड्या वाजवायचं यंत्र आहे. लाँगप्ले पुण्याच्या जुन्या बाजारातून आणतात. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, त्यामुळे काकांचा आठवडा त्याप्रमाणे आखलेला. मला आग्रहाने बोलावलं. मोबाइलवरचं गाणं कसं मेलेलं असतं आणि तबकडीत कशी ऊब असते, हे सांगायला सुरुवात केली. सुई ठेवली. लाँगप्लेची एक बाजू चालते साधारण वीस-बावीस मिनिटं. काका त्यातली वीस मिनिटं उबेबद्दल बोलले. किशोरीताई मागे कुठेतरी गात होत्या. बाजू संपली, सुई खरखरत राहिली, तेव्हा काका डोळे मिटून म्हणाले, 'ही शांतता मोबाइलमध्ये नाही.'

शांतता नव्हती. खरखर होती. पण मी काही बोललो नाही, बासुंदी यायची होती.

कलकत्त्यात १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये गौहर जानने पहिल्या तबकड्या भरल्या, तेव्हा प्रत्येक गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. कारण रुक्ष आहे. तबकड्या छापायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कारागिराला ही बाई कोण ते कळावं म्हणून ती सोय. मला मात्र वाटतं, बाईंना आमचे काका तेव्हाच दिसले होते. अख्खं गाणं हा गृहस्थ बोलत बसणार. निदान शेवटी कोण गायलं तेवढं तरी कानावर घालावं.

काकांची दुसरी व्यथा 'कट्यार'. मूळ नाटक १९६७ चं. दारव्हेकरांचं लेखन, अभिषेकीबुवांचं संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव. चित्रपट आला २०१५ मध्ये. त्या चित्रपटामुळे घराघरातली माणसं दोन घराण्यांत वाटली गेली, आणि 'मूळची सर नाही' असं म्हणणाऱ्यांचं घराणं मोठं निघालं. त्यातले निम्मे १९६७ मध्ये जन्माला आले नव्हते, उरलेल्यांतले बरेच पाळण्यात होते. पण पाळण्यातून त्यांनी प्रयोग पाहिला असावा, इतक्या बारकाईने ते आठवणी सांगतात.

'पूर्वी लोक खरंच ऐकायचे हो,' हे वाक्य या काकांचं एकट्याचं नाही. ते बोलताना पुरावा म्हणून हटकून 'गीतरामायण' पुढे करतात. करावंच. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. माडगूळकरांनी लिहायचं, बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, चाल बांधायची आणि दर आठवड्याला एक नवं गाणं हवेत सोडायचं. वर्षाची ५२ ठरली होती. त्या साली अधिक महिना आला, म्हणून ती ५६ झाली. पंचांगाने अल्बम वाढवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही. आता त्या काळच्या श्रोत्यांचं काय सांगतात? लोक आंघोळ करून, रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून बसायचे. भक्ती म्हणून हात जोडतो. पण रसिकता म्हणून पाहिलं तर अडचण आहे. हार गाण्याच्या आधी घातलेला आहे. गाणं अजून वाजलेलं नाही आणि समीक्षा घालून झालीसुद्धा. माझ्या तेवीस वर्षांच्या ट्रेकरने याहून वेगळं काय केलं? त्याच्याकडे फक्त उदबत्ती नव्हती.

त्या सगळ्या प्रकारात ज्यांना आधी मत देऊन चालणार नव्हतं अशी माणसं थोडीच होती. माडगूळकर, फडके आणि वाजवायला-गायला बसलेले. त्यांच्या मानेवर पुढचा आठवडा होता. चाल बसली नाही तर सगळ्या महाराष्ट्रासमोर बसली नसती.

इथे मला माझा नियम सापडला, तो सांगून टाकतो. चुकीचं गाणं लागलं तर ज्याचं काही जातं, त्याचं मत ऐकावं. बाकीच्यांचा चहा प्यावा.

आता हा नियम घेऊन गावात फिरू.

आमच्या आळीतला एक भाचा हिंजवडीला आहे. सध्या काय ऐकतो विचारलं की तो युरोपातल्या कुठल्याशा बर्फाळ देशातल्या बँडचं नाव घेतो. नाव उच्चारायला जीभ दोनदा दुमडावी लागते. डिसेंबर आला की गाण्याचं ॲप वर्षभराचा हिशेब काढून देतं. काय ऐकलं, किती मिनिटं ऐकलं, कोणाला सगळ्यात जास्त ऐकलं. पोरं तो हिशेब सगळ्यांना दाखवत हिंडतात. यंदा भाचा गप्प. खोदून विचारलं तेव्हा कळलं. घरातला स्पीकर त्याच्याच खात्यावर चालतो. खातंही फुकटचं, जाहिरातींचं; आयटीवाल्याला महिन्याचे पैसे जड जातात. वर्षभराचा सगळ्यात आवडता कलाकार म्हणून त्याच्या नावावर आले बाबामहाराज सातारकर. बर्फाळ देश पहिल्या पाचांतही नाही.

लावणारे अर्थात त्याचे वडील, आमचे अण्णा. रोज दिवेलागणीला हरिपाठ. पोथीप्रमाणे अभंग २७ किंवा २८. त्यातला एकही पुढे ढकलायचा नाही, मधून सुरू करायचा नाही, 'हा बोअर आहे' म्हणून टाळायचा नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोसम कुठलाही असो. बाबामहाराज २०२३ मध्ये गेले, पण आमच्या खोऱ्यात त्यांचा आवाज संध्याकाळी सातला चुकलेला नाही. आधी कॅसेटवर होता, मग सीडीवर, मग मेमरी कार्डावर, आता भाच्याच्या खात्यावर. 'अल्बम अथपासून इतिपर्यंत ऐकायचा असतो' असं ज्ञान शहरातले जाणकार देतात ना, तसा तो ऐकणारा माणूस मला पंचक्रोशीत एकच सापडला आणि त्याला अल्बम म्हणजे लग्नाच्या फोटोंचा, एवढंच ठाऊक आहे.

अण्णांना विचारलं, कसा वाटतो? ते म्हणाले, 'हरिपाठाला कसलं मत द्यायचं? त्यात आता मधेच एक बाई येऊन घराच्या कर्जाबद्दल बोलते. तिला काढता येईल का बघ.'

वर्षभरात ऐकलेली ही सगळ्यात नेमकी समीक्षा. भाच्याने महिन्याचे पैसे भरावेत, एवढाच तिचा अर्थ आहे. तो अजून भरत नाही.

पण आमच्या भागातला खरा जाणकार फाट्यावर बसतो. दुकान मोबाइलचं. बाहेर पाटी: स्क्रीन गार्ड, रिचार्ज, गाणी भरून मिळतील. ही तिसरी ओळ आता शहरातून गेली, पण टेम्पो, ट्रॅक्टर आणि जेसीबी यांना अजून पेन ड्राइव्ह लागतो. शेतात आणि घाटात नेट येत नाही, आणि जेसीबीवाल्याला खोदता खोदता गाणं शोधत बसायला वेळ नसतो. कॉपीराइटचा कायदा १९५७ पासून आहे हे दुकानदाराला मी सांगितलं. तो म्हणाला, 'माझा जन्म त्याच्या नंतरचा.' कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर कितपत टिकेल ते वकिलांना विचारावं.

मी त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं आणि थक्क झालो. शास्त्रीय, उपशास्त्रीय, भावगीत, नाट्यगीत ही आपली वर्गवारी तिथे कुठेही नाही. त्याचे फोल्डर असे: 'हळद'. 'वरात जोरात'. 'वरात घरच्या बायका'. 'भजन सकाळ'. 'भजन रात्र'. 'रडकी'. 'ड्रायव्हर'. 'शेठ'. 'शिंदे सगळे'.

'शिंदे सगळे' या फोल्डरमध्ये प्रल्हाद शिंदे आहेत, आनंद आणि मिलिंद आहेत, आदर्श आणि उत्कर्ष आहेत. तीन पिढ्या, विठ्ठलापासून भीमगीतांपर्यंत आणि तिथून थेट लग्नाच्या मांडवापर्यंत. विद्यापीठात यावर कुणी प्रबंध लिहायला बसला तर प्रस्तावनेतच चार वर्षं जातील. याने दोन शब्दांत उरकलंय. 'शेठ'मध्ये गझला आहेत. पांढरी गाडी आणि पांढरा शर्ट दिसला की तो विचारत नाही, सरळ 'शेठ' भरून देतो. आजवर तक्रार नाही.

मी असतानाच एक टेम्पोवाला आला. कोल्हापूरच्या बाजूला माल टाकून परतला होता, डोळे लाल. खिशातून पेन ड्राइव्ह काढला, काउंटरवर आपटला आणि म्हणाला, 'तिसरं आणि आठवं काढ.'

'का, काय झालं?'

'तिसऱ्याला खंबाटकीत डुलकी लागली. आठवं बरं सुरू होतं, मधेच बासरी लावलीय. बासरी नको.'

दुकानदाराने वाद घातला नाही. अमुक रागात तमुक स्वर कसा लागला, संगीतकाराचा हेतू काय होता, असलं काही नाही. दोन्ही गाणी काढली, 'भजन रात्र'मध्ये टाकली, त्यांच्या जागी दुसरी दोन भरली आणि म्हणाला, 'ही घे. आनेवाडीपर्यंत टिकतील.' म्हणजे खेड शिवापूरच्या टोलनाक्यापासून आनेवाडीच्या टोलनाक्यापर्यंत माणसाला जागं ठेवतील. वर्तमानपत्रांत अल्बमला पाच चांदण्यांपैकी साडेतीन देतात ना, त्यातली अर्धी चांदणी कशाची कापली ते मला आजवर कळलेलं नाही. दोन टोलनाके कळतात. आणि या मताला जामीन आहे टेम्पोवाल्याचा जीव. ते चुकलं तर खंबाटकीच्या वळणावर कठडा आहे.

'रडकी' फोल्डर कोण नेतं, विचारलं. म्हणाला, 'सोमवारी जास्त जातं.' यावर मी अजून विचार करतोय.

मत चुकलं तर मार खावा लागतो, असा दुसरा इसम म्हणजे वरातीतला डीजे ऑपरेटर. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला, त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी लग्नसराईत त्याच्यावाचून पान हलत नाही. त्या वेळच्या जाणकारांच्या चर्चा आठवतात ना? अजय-अतुल लॉस एंजेलिसला गेले, सोनीच्या स्टेजवर सिंफनीचा ताफा बसवला, मराठी गाण्याला केवढी व्हायोलिनं लाभली! खरंच लाभली. मी ती चांगल्या स्पीकरवर ऐकली आहेत, अंगावर काटा येतो. पण अमेरिकेहून निघालेलं ते व्हायोलिन वरव्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढेपर्यंत त्याचं काय होतं, यावर कुणी लिहिलेलं नाही. त्याच्या डोक्यावर बेस बसतो. छातीत धडधड होते ती आवडली म्हणून की भिंत हलली म्हणून, हे सांगता येत नाही.

ऑपरेटरला याची पूर्ण कल्पना आहे. त्याने मला मिक्सरच्या मागे उभं केलं आणि अल्बम उलगडून दाखवला. 'झिंगाट' पहिल्यांदा लावायचं नाही. ते मांडव दिसायला लागला की, आणि तेही पोलिसांचं घड्याळ पाहून. रात्री दहानंतर आवाज बंद, नियम २००० सालचा आहे. मांडव दिसण्याआधीच लावलं तर पोरं अर्ध्या रस्त्यात संपतात आणि मग मांडवापाशी नवरदेव एकटाच घोड्यावर. 'याड लागलं' नाचायला लावायचंच नाही.

'मग ठेवलंय कशाला?'

'गर्दी बसवायला. ॲम्बुलन्स आली, नाहीतर दोन गटांत धक्काबुक्की झाली, तर लावतो. सगळे लगेच बाजूला होऊन मोबाइल काढतात आणि लांब बघत उभे राहतात.'

संगीताचा परिणाम यावर भरताच्या नाट्यशास्त्रापासून पुष्कळ लिहून झालंय. पण व्हायोलिनांनी ॲम्बुलन्सला वाट करून दिल्याची नोंद पहिलीच असावी.

याच ऑपरेटरने मागे वरवे बुद्रुकमध्ये हिट झालेली यादी जशीच्या तशी वरवे खुर्दला लावली आणि वरातीतल्या एका चुलत्याने वायर ओढली. बुद्रुक आणि खुर्द यांच्यात अंतर चालत जाण्याएवढं; आवडीत मात्र तालुका बदलावा तेवढा फरक. कारण काय, तर त्या चुलत्याला अमुक गाण्यावर बुद्रुकचा एक पाहुणा नाचताना दिसला होता आणि त्या पाहुण्याशी बांधाचा वाद चालू होता. गाण्याचा काही दोष नव्हता. थोरामोठ्यांच्या पुष्कळ संगीतविषयक मतांच्या मुळाशी असाच एखादा बांध सापडेल, असा मला दाट संशय आहे.

जून-जुलैत आमच्याकडे दुसरी जत्रा भरते. पाऊस पडला की पुण्याच्या गाड्या खोऱ्यात उतरतात, काचा बंद करतात आणि आत मिलिंद इंगळे आणि सौमित्रचा 'गारवा' लागतो. अल्बम चांगला आहे, त्याचं काही वाकडं नाही. काचेच्या बाहेर भातलावणी चालू असते. चिखलात पोटऱ्यांपर्यंत पाय, पाठीवर प्लास्टिकचा कागद. बांधावर काठी रोवलेली, तिला कॅरीबॅग, कॅरीबॅगेत मोबाइल, त्यातून गाणं. कारमधल्या एका ताईंनी कौतुकाने काच खाली करून विचारलं, 'मावशी, पावसाची गाणी ऐकता का हो?' मावशींनी मान वर न करता सांगितलं, 'पाऊस हाय की. त्याची गानी कशाला?' आणि मग शेतातल्या पोरीला, 'बंद कर गं ते रडनं, हात चालंना.' पोरीने कॅरीबॅगेत हात घातला आणि 'वरात जोरात' लावलं. हात चालले.

एका जमातीबद्दल मात्र हात आखडता घेतो. मुंबईत १९९० पासून जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची एक संस्था आहे, 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'. सुरेश चांदवणकरांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. ही मंडळी बाजारातून, अडगळीतून, भंगारातून ७८ आरपीएमच्या तबकड्या गोळा करतात, पुसतात, ऐकतात, ऐकवतात. तबकडी लाखेची, हातातून सुटली की शंभर वर्षांचे तुकडे. एका बाजूवर गाणं मावतं तीन-साडेतीन मिनिटांचं. अब्दुल करीम खाँसाहेबांना तेवढ्यात आपली ठुमरी बसवावी लागली होती, मग ऐकणाऱ्याला तेवढा वेळ तोंड बंद ठेवायला काय जातं? यांच्यात वाद होतात ते तबकडी क्रमांक काय, साल कोणतं, साथीला कोण, यावर. म्हणजे ज्याचं उत्तर चुकू शकतं अशा गोष्टींवर. काकांनी एकदा तिकडे जावं, असं मी सुचवलं. काका म्हणाले, तिथे बोलू देतात का?

राहता राहिला सप्ताह. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागराला भजन. यंदा जागराला गावातल्या एका पोराने तुकोबांचा अभंग धरला. दोन ओळी झाल्या आणि टाळकऱ्यांच्या भुवया वर गेल्या. चाल 'याड लागलं'ची होती.

पोरगं गळ्याचं चांगलं, काळी चारमध्ये उभं. टाळकरी क्षणभर अडखळले. पखवाजवाला पुण्याहून मागवलेला. त्याने पोराकडे एकदा पाहिलं, ठेका सोडला नाही, फक्त लय किंचित धरून ठेवली, म्हणजे पोराला सिनेमाकडे पळता येईना. मागच्या रांगेतले एक तात्या मात्र टाळ खाली ठेवून बसले. अभंग संपल्यावर आवाज चढला. देवाच्या दारात सिनेमाच्या चाली कशाला? संप्रदायाची काही लाज? त्यावर विणेकऱ्यांनी वीणा न हलवता आठवण करून दिली की तात्या स्वतः चाळीस वर्षं गोकुळाष्टमीला जी गवळण म्हणतात, ती 'नागिन'च्या बीनवर आहे. 'नागिन' १९५४ चा.

तात्या म्हणाले, 'ती चाल जुनी आहे.'

'आली तेव्हा नवीनच होती की,' विणेकरी म्हणाले आणि पुढच्या अभंगाला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी काल्याचा महाप्रसाद. पंगतीत तात्यांच्या शेजारी तेच पोरगं बसलं, मुद्दाम की जागा नव्हती म्हणून, माहीत नाही. भात वाढून झाला, आमटी यायची होती. तात्या बराच वेळ पत्रावळीकडे बघत होते. मग म्हणाले, 'चालीचं सोड. तू काळी चारमध्ये गेलास, आमचे गळे तिथं पोचत नाहीत, म्हणून टाळ खाली ठेवला. चारचौघात सांगायला लाज वाटली, म्हणून सिनेमाला बोललो.'

'मग खाली घेऊ?'

'काळी दोनमध्ये घे. आणि दुसऱ्या कडव्यानंतर तू जो वर जातोस ना, तो जाऊ नकोस, तिथं माझ्या जावयाची कवळी सुटते.'

पोराने मान डोलावली. तात्यांनी आमटीवाल्याला हाक मारली आणि पोराच्या पत्रावळीकडे बोट दाखवून सांगितलं, याला तर्री जास्त घाल, याचा गळा अजून तरणा आहे.